गाडी कुठं लावतोस?

गाडी घेतल्यापासून लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. एक, ॲव्हरेज किती देती? अन् दोन, मागचे दरवाजे कुठं गेले? पहिल्याचं खरं उत्तर मी आजपर्यंत कुणाला दिलं न्हाई, बायकोला तर न्हाईच न्हाई. दुसरं मला स्वतःलाच समजलं नव्हतं. एवढी लांबलचक गाडी अन् दरवाजे दोन. आमच्या अंबड रोडवर टमटमला एकही दरवाजा नसतो, तरी तीत अर्धं गाव मावतं. हिच्यात पुढं दोघं ऐसपैस बसतात, अन् मागं जायचं म्हणलं तर पुढचं सीट वाकवून, मान मोडून, गाभाऱ्यात शिरल्यासारखं शिरायचं. असल्या गाडीला कूपे म्हणतात. हेही मला शेठनं सांगितलं.

शेठ म्हणजे एका सळयांच्या मिलचे मालक. जालना एमआयडीसीत माझं लेथचं लहान वर्कशॉप आहे. तापलेलं लोखंड दाबून त्याची सळई काढायला मिलमध्ये जे रोल असतात, ते झिजले की मी त्यांना पुन्हा खाचा पाडून देतो. शेठच्या पोराला भारी हौस, त्यानं मुंबईच्या कुणाकडून तरी ही इटलीची गाडी आणली, वर्षभर फिरवली अन् परदेशी निघून गेला तो तिकडंच राहिला. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. मी रोल न्यायला गेलो की ताडपत्रीचं टोक उचलून बघायचो. पिकल्या जांभळाचा रंग. नाक खाली, पाठ गोल, उभी असून पळतीय असं वाटायचं. एक दिवस शेठ म्हणले, "रोज चोरून बघतोस, त्यापेक्षा घेऊन टाक ना एकदाची." मला वाटलं मस्करी करून राह्यले. मस्करी नव्हती. मी घेतली. का घेतली, हे कोर्टात उभं करून विचारलं तरी मला सांगता येणार न्हाई. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसती, एवढं मी माझ्याकडून जोडतो.

पहिल्या दिवसापासून गोंधळ. आपल्या गाडीत वळायचा दिवा लावायची दांडी ज्या हाताला असती, हिच्यात त्या हाताला काच पुसायची दांडी. डावीकडं वळायचं म्हणून दांडी दाबली की कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र फिरायचा. आमच्या चौकातले लोक म्हणायला लागले, हा वळायच्या आधी काच पुसून बघतो. वरून गाडीला छोटा टीव्हीसारखा पडदा, त्यावर ती काहीबाही लिहायची, तेही इटलीच्या भाषेत. भाषा बदलायचं बटण कुणालाच सापडलं न्हाई. एकदा लिहून आलं, 'आवारिया'. मिस्त्रीला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं अन् म्हणला, "भाऊ, ही तुम्हालाच आवारा म्हणून राह्यली." मंग बॅटरीची वायर काढली, पुन्हा लावली. अक्षरं गेली. का आल्ती, का गेली, ते त्यालाही माहीत न्हाई अन् मलाही न्हाई.

पण हे सगळं मी हसत सोसत होतो, कारण माझ्या मनात एकच गोष्ट होती. मला त्या गाडीत आबांना बसवून जालन्याला आणायचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. अंतरवालीच्या अलीकडं आमचं गाव, तिथं शेतात राहतात. आई गेल्यापासून जेवण शेजारी चुलतभावाच्या घरी. मी दरवेळी म्हणायचो, आबा, चला, आठ दिवस राहा माझ्याकडं. आबा रागवायचे न्हाईत, रुसायचे न्हाईत. एवढंच म्हणायचे, "तुझ्याकडं येऊन मी काय करू? तिथं माझं काय काम?" अन् पुन्हा खाली वाकून खुरपायला लागायचे. मला वाटलं, अशी गाडी दारात उभी केली तर माणूस निदान नवल म्हणून तरी बसंल.

म्हणून मी फोन केला. उन्हाळा संपत आल्ता, पेरण्या व्हायच्या होत्या. मी वर्कशॉपमध्ये, पाठीमागं लेथ ओरडून राह्यली. आबा तिकडं बांधावर, कारण त्यांच्या बटणाच्या फोनला रेंज फक्त बांधावरच येती.

"आबा, गाडी घेतली."

"कसली?"

"इटलीची."

तिकडं नुसती खरखर. मला वाटलं रेंज गेली.

"का रे बाबा?" आबा एकदम हळू आवाजात म्हणले.

"असंच. लई दिवसांपासून मनात होतं."

"बरं. बरं. कुठं लावतोस?"

"वर्कशॉपसमोर. लिंबाच्या झाडाखाली."

"अन् चालती का?"

"जोरात चालती, आबा. लोक थांबून थांबून बघतात."

"नुसते बघतेत?"

"फोटो काढतात."

"फोटो काढून काय करतेत," आबा म्हणले. मंग म्हणले, "सूनबाईचं काय म्हणणं?"

"तिला आधी लाज वाटायची. आता बसती माझ्याशेजारी."

"गुणाची पोरगी हाय."

"फक्त गाडी खाती लई," मी म्हणलो. मी पेट्रोलचं बोलून राह्यलो.

"सुरवातीला सगळंच खातं. खर्चा तर लागतोच. अन् हे बघ, बिलकुल लाजू नको. कष्टाची गोष्ट हाय. कुणापुढं मान खाली घालू नको."

आबा असं कधी बोलत न्हाईत. मी म्हणलो, बघायला या ना आबा. अन् आबा म्हणले, "येतो. तुला हाताखाली माणूस लागंलच. सवड झाली की येतो." हाताखाली कशाला, ते मला कळलं न्हाई, अन् मी तिकडं लक्षही दिलं न्हाई. आबा 'येतो' म्हणले होते. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिलाही खरं वाटंना. गाडीचा फोटो मात्र तिनं कुणाला पाठवू दिला न्हाई. नजर लागती म्हणे. त्यामुळं गावात कुणी ती बघितलेली नव्हती.

आबा काही आले न्हाईत. उडीद आला.

अंबडवरून येणाऱ्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं आबांनी पोतं दिल्तं. मी जालन्याच्या स्टँडवर जाऊन उतरवून घेतलं. निवडलेला, पाखडलेला, एक खडा सापडणार न्हाई असा उडीद. बायको म्हणली, "पापडाचे दिवस कधीच गेले. एवढ्याचं काय करू?" मी आबांना विचारलं, उडीद कशाला? आबा म्हणले, "लागतो की. संपला की सांग, लाजू नको." पुन्हा तेच, लाजू नको.

मंग तांदूळ आला. आता आमच्याकडं तांदूळ पिकत न्हाई. म्हणजे आबांनी अंबडच्या बाजारात जाऊन विकत घेतलेला, अन् तोही जाडाभरडा. मंग जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं आलं, लग्नाच्या पंगतीत असतं तेवढं, बुडाला आईचं नाव कोरलेलं. बायको त्या पातेल्याकडं बघत बसली. आम्ही घरात चार माणसं. ती म्हणली, "आबांना वाटतंय का, आपण उपाशी आहोत?" मी चिडलो. इटलीची गाडी घेणारा माणूस उपाशी असतो का? ती म्हणली, गाडी बघता असूही शकतो.

अन् मंग छत्री आली. हातात धरायची न्हाई. बाजारात भाजीवाले जमिनीत रोवतात ती, रंगीत पट्ट्यांची, दांडा एसटीच्या अर्ध्या गाडीत पसरलेला. कंडक्टर म्हणला, "पुढल्या टायमाला हिचं तिकीट काढावं लागंल." मी आबांना फोन केला. आबा म्हणले, "झाडाखाली लावतोस म्हणलास, पण ऊन फिरतं. पानं गळतेत, पाखरं बसतेत. वर काहीतरी पायजे." मी म्हणलो, आबा, तिला टप आहे. आबा म्हणले, "असू दे, तरी लाव."

आता मी काय समजावं? मी मनाची समजूत घातली, की आबांना गाडीच्या रंगाची काळजी आहे. एक दिवस खरंच ती छत्री गाडीशेजारी रोवून बघितली. वर्कशॉपची सगळी माणसं काम सोडून बाहेर आली. आमच्याच झाडाच्या पलीकडं एकजण सकाळी इडलीचा गाडा लावतो, तो म्हणला, "मालक, ही मला तरी द्या." मी छत्री मिटवून टाकली.

त्या दिवशी बायको जवळ येऊन बसली. म्हणली, "रागवू नका. माझ्या मामांचं असंच सुरू झाल्तं. रोज उठून दुकानातून साबण आणायचे. घरात साबणाचा ढीग." मी रागवलो न्हाई. आबांचं डोकं चालंना झालं, अन् मी इथं वायपर कोणत्या हाताला ते शिकत बसलो, असं वाटलं. ठरवलं, आता फोन न्हाई. सरळ गावी जायचं, गाडीत घालायचं अन् जालन्याच्या डॉक्टरला दाखवायचं.

श्रावण सरत आल्ता. अंबडपर्यंत रोड बरा होता. पुढं प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं अन् माझंच घासल्यासारखं मी दात आवळायचो. एका वस्तीपाशी म्हातारी रस्ता ओलांडता ओलांडता थांबली, वाकून आत बघितलं अन् म्हणली, "बाबा, बसून चालवतोस का निजून?"

गावात शिरलो तर चहाच्या टपरीपाशी माणसं उठून उभी राहिली. चुलतभाऊ पुढं आला. माझ्याहून लहान आहे, मला भाऊच म्हणतो. गाडीभोवती चक्कर मारली, मागच्या काचेला नाक लावलं.

"भाऊ, ही कुणाची आणली?"

"कुणाची म्हणजे? माझीच."

"मंग ती कुठंय?"

"ती कोणती?"

"इडलीची."

मी म्हणलो, कसली इडली? तो म्हणला, "आता लपवून काय करतोस? आबांनी समद्या गावाला सांगितलं. मिला बंद पडून राह्यल्या, तुझं काम बसलं, म्हणून तू इडलीची गाडी लावली. वर्कशॉपसमोर. झाडाखाली. वहिनीबी बसती म्हणे गाडीवर."

पेशव्यांच्या घरात 'ध'चा 'मा' झाला, आमच्या घरात 'ट'चा 'ड' झाला. अन् मी तिथं उभ्या उभ्या तो सगळा फोन पुन्हा ऐकला. कुठं लावतोस. चालती का. नुसते बघतेत का. लाजू नको.

चुलतभाऊ थांबायला तयार नव्हता. म्हणला, गावातलं कुणी जालन्याला निघालं की आबा सांगायचे, पोराच्या गाडीवर खाऊन या. एकजण खरंच जाऊन आला. आमच्या झाडापलीकडच्या त्या गाड्यावर खाल्लं अन् येऊन सांगितलं, तू नव्हतास, गडी होता, पण चटणी भारी होती. आबांसाठी पुडीत दोन इडल्या बांधून आणल्त्या. आबांनी त्यांचे तुकडे करून घरोघर दिले.

मला आधी रागच आला. इडली विकण्यात वाईट काही न्हाई, पण मी विकत नव्हतो ना. रोल फिरवून फिरवून बोटं झिजली माझी, अन् गाव मला चटणीचं सर्टिफिकेट देऊन राह्यलं. मंग राग कुठं गेला कळलं न्हाई. आबांचं डोकं ठिकाणावर होतं. मला एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात आबा शेतातून आले. हात मातीचे, डोक्याला उपरणं. चुलतभावानं लांबूनच सांगून टाकलं, "आबा, इडली न्हाई, इटली. देश असतो तो." टपरीवर हशा पिकला. आबा हसले न्हाईत. धोतराला हात पुसला, गाडीच्या नाकावर ठेवला.

"तुझं काम चालू हाय?"

"चालू आहे, आबा. बराबर चालू आहे."

"मिला?"

"त्याही चालू आहेत."

"बरं झालं," आबा म्हणले अन् टपरीच्या बाकावर बसले. त्यांचं तोंड उतरलं. मी बघतच राहिलो. पोराचं बुडालेलं न्हाई हे ऐकून बापाचं तोंड उतरतं का कधी? मला काही म्हणता काही कळंना.

मी म्हणलो, आबा, तुम्ही येतो म्हणल्ता. चला आता, मी न्यायलाच आलो. आबा जमिनीकडं बघत म्हणले, "आता येऊन काय करू? तिथं माझं काय काम?"

परत तेच वाक्य. इडलीच्या गाडीला ते येणार होते. इटलीच्या गाडीला न्हाई.

मी तिथून हललो न्हाई. चहा पिला, दुसरा पिला. शेवटी आबाच उठले. म्हणले, "चल, आलास तर शेत बघून जा." पायीच गेलो. विहिरीजवळच्या ज्या वावरात मला आठवतं तेव्हापासून कपाशी असती, तिथं ह्या साली उडीद उभा होता. शेंगा काळ्या पडायला लागल्त्या.

"कपाशी का न्हाई लावली?" मी विचारलं.

"कपाशी काय इडलीत घालतेत?" आबा म्हणले. अन् बांधावरचं गवत उपटत बसले. मी पण बसलो. मीही गवत उपटायला लागलो. मंग आबांनीच हात झटकले अन् म्हणले, "चल. कुठं लावतोस ते तरी दाखव."

आबांना गाडीत बसवायला मी अन् चुलतभाऊ दोघं लागलो. इतकं खाली बसायची त्यांना सवय न्हाई. चपला हातात घेऊन बसले. दार नीट लागलं न्हाई, म्हणून पडद्यावर अक्षरं आली, 'पोर्ता आपेर्ता', अन् गाडी टुंगटुंग करायला लागली.

"काय म्हणती?"

"दार उघडं आहे म्हणती."

"कोणत्या भाषेत?"

"इटलीच्या."

"तुला कळती?"

"एवढंच कळतं, आबा." मी हात लांबवून दार ओढून घेतलं.

किती दिवस ह्या गोष्टीची वाट बघितली होती मी. आबा माझ्या गाडीत, माझ्या शेजारी. अन् आता मला त्यांच्याकडं बघायचा धीर होईना. अंबड जवळ आलं तेव्हा आबा समोर बघत म्हणले, "खरं सांगू का? मला वाईट वाटलं, पण बरंबी वाटलं व्हतं."

"कशाचं?"

"तू इडलीची गाडी लावली त्याचं. तू लोखंडाच्या कामात गेलास, चांगलं झालं, पोटाला लागलास. पण लोखंडाला आपल्या शेतातलं काय लागतं? काहीच न्हाई. इतकी सालं झाली, मी तुला काय देऊ, हेच मला सुचत नव्हतं. मंग तू म्हणलास इडली. म्हणलं, आता पोराला आपला उडीद लागंल."

समोर जालन्याकडं वळायचा फाटा आला. माझे डोळे भरल्ते, मी दांडी दाबली, अन् कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र फिरायला लागला.

"पाऊस कुठंय?" आबा म्हणले.

"वळायचंय, आबा," मी म्हणलो.

वर्कशॉपसमोर गाडी लावली. झाडापलीकडचा इडलीवाला आवरून गेल्ता, गाड्याची नुसती जागा होती, पाणी सांडलेली. आबांना दोन्ही हात धरून बाहेर काढलं. त्यांनी चपला घातल्या. मान वर करून झाड बघितलं, रोडकडं बघितलं, माणसं कुठून येतात, कुठं जातात ते बघितलं.

"जागा चांगली हाय," आबा म्हणले. "छत्री लागलीच नसती."

जांभळ्या रंगाची ती गाडी आमच्या दोघांच्या मधी उभी होती, अन् आबा तिच्या पलीकडं त्या ओल्या जागेकडं बघत होते. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, "पुढल्या साली कपाशी लावू का उडीद पेरू?"

"उडीद पेरा."

"कशाला? तुला काय लागणार हाय?"

ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, अन् आजही न्हाई. घरात अजून अर्धं पोतं पडलेलं होतं.

"लागतो, आबा," मी म्हणलो. "पेरा तुम्ही."